भांड्यावरची पांढरी पट्टी

लग्नाला चार वर्षं होत आली होती, तरी सासऱ्यांच्या तोंडाकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. पाहिलं ते डॉक्टरांनी बॅटरी मारून "तुम्हीही बघून ठेवा" म्हटलं तेव्हा. तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. आत डाव्या गालाला, जिथे ते चाळीस वर्षं तंबाखूची गोळी धरत आले होते, तिथे आदल्या साली पुण्याला ऑपरेशन झालं होतं, मग महिनाभर लाईट, म्हणजे कॅन्सरवरची किरणं, दिली होती. सगळं साफ झालं असं आम्ही गावभर सांगून मोकळे झालो होतो. ते परत आलं होतं. आणि जबड्याखाली मानेला लिंबाएवढी गाठ धरली होती, वरची कातडी लाल आणि ताणलेली. मी पदर सावरून बघितलं, "हं" म्हटलं आणि बाहेर येऊन बाकावर बसले.

आम्ही बौद्ध. धर्मांतरानंतर आमच्यातून देव गेले, उपास गेले, अंगात येणं गेलं. सासऱ्यांसमोरचा पदर मात्र काही केल्या गेला नाही. मी बारावी शिकलेली, माहेर नगरचंच, घरात फडाफडा बोलणारी. पण मामांसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, माझं बोलणं तीन वाक्यांत संपायचं: मामा, चहा. मामा, जेवण वाढलंय. मामा, हे आलेत. ते तर त्याहून पुढचे. जामखेडकडच्या आमच्या गावाहून नगरला, सावेडीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आले, की दारात खाकरायचे आणि मी आत गेले की मगच उंबरा ओलांडायचे. चार वर्षांत त्यांनी माझ्याकडे पाणी म्हणून मागितलं नव्हतं. मी भरलेला तांब्या ठेवायचा, त्यांनी घ्यायचा. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे आमच्या मधे बोलणारं कुणी माणूसही नव्हतं.

मामा गवंडी होते. हाडाचे गवंडी. भिंत पाव बोट ओळंब्याबाहेर गेली तर दुसऱ्याने बांधलेलीसुद्धा पाडायला लावायचे. "वळंबा खोटं बोलत न्हाई, मानूस बोलतो," असं त्यांचं म्हणणं. हे वाक्य पुढे मला किती टोचणार होतं, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

डॉक्टर दर गुरुवारी पुण्याहून नगरच्या दवाखान्यात यायचे. आम्हा तिघांना, म्हणजे मामा, हे आणि मी, समोर बसवून त्यांनी सरळ सांगितलं. सुरी आता चालणार नाही, गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली आहे. लाईट जेवढी देता येते तेवढी देऊन झाली. आता उरलं ते रक्तातून सगळ्या अंगात फिरणारं औषध. त्यात एक जोराचं. दर तीन आठवड्यांनी चार दिवस दवाखान्यात राहून सलाईनमधून घ्यायचं. गाठ लवकर उतरण्याची आशा जास्त, पण उलट्या फार, आणि किडनीला डोळ्यात तेल घालून जपावं लागतं. दुसरं, आठवड्याला एक इंजेक्शन. त्रास कमी, जोरही कमी. तिसरं म्हणजे यातलं काहीच न करणं, फक्त दुखण्याच्या गोळ्या.

"बरं होईल असं मी कशालाच म्हणत नाही," डॉक्टर म्हणाले. "गाठ उतरली तर गिळता येईल, दुखणं हटेल, काही महिने मिळतील."

यांनी खाली मान घातली. मामांनी विचारलं, "दर आठवड्याला कोन आनायचं मला?"

"यांची ड्यूटी असेल तर मी आणीन," मी म्हटलं. चार वर्षांतलं माझं चौथं वाक्य.

"मग जोराचंच द्या," मामा डॉक्टरांना म्हणाले. "तीन आठवड्यातून एकदाच त्रास पोरीला."

माझ्यासाठी त्यांनी जोराचं औषध निवडलं. हे मी पुढे हजार वेळा आठवलं.

निघताना डॉक्टरांनी मला एकटीला थांबवलं. म्हणाले, घरात एक गडद रंगाचा टॉवेल हाताशी ठेवा. गाठीखालची रक्तवाहिनी फुटली तर फार रक्त येतं, पांढऱ्या कपड्यावर ते बघवत नाही. टॉवेल दाबून धरायचा आणि जवळ बसायचं, बाकी काही करता येत नाही. मी परत "हं" म्हटलं. घरी आल्यावर लग्नातला डाळिंबी टॉवेल ट्रंकेतून काढला आणि आता आमच्याकडेच राहणाऱ्या मामांच्या कॉटवरच्या खिळ्याला टांगला. टॉवेल कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. माझे हे सुप्याच्या एमआयडीसीत कारखान्यात, पहिल्या शिफ्टला पहाटे जायचे ते उन्हं कलल्यावर यायचे. त्या सगळ्या दुपारी घरात मामा, मी आणि तो टॉवेल. ते खोकले की मी हातातलं टाकून उठायची. मी भाकरी थापताना तव्याकडे बघायचं सोडून टॉवेलकडे बघायची, आणि भाकरी करपवायची. करपलेली आम्हीच खायचो, त्यांना पेजेशिवाय काही जात नव्हतं.

पहिल्या खेपेला यांना रजा मिळाली. आधी साध्या पाण्याच्या सलाईनच्या बाटल्या, मग काळ्या कागदात गुंडाळलेली औषधाची बाटली, मग परत पाणी. उजेड लागला तर ते औषध बिघडतं म्हणून काळा कागद. सिस्टरने प्लॅस्टिकचं लघवीचं भांडं दिलं आणि त्याला बाहेरून चिकटपट्टीचा पांढरा तुकडा आडवा चिकटवला. "तीन तासांत इथपर्यंत आली पाहिजे. घरी गेल्यावरसुद्धा पाणी भरपूर, आणि दर वेळी मोजून कागदावर लिहायचं. पट्टीच्या खाली गेली तर लगेच घेऊन या. औषध किडनीत साचलं तर किडनी बसते. मग आम्हाला लघवीची नळी घालावी लागेल."

त्या वेळी मोजायचं काम यांनी केलं. बापलेक मोरीत जायचे, हे बाहेर येऊन मला आकडा सांगायचे, मी लिहायची. माझं अक्षर चांगलं म्हणून कागद माझ्याकडे. तीन आठवडे गेले आणि गाठ उतरली! लिंबाची बोराएवढी झाली. मामांनी पेजेबरोबर भाकरीचा कुसकरा खाल्ला. डॉक्टरांनी मानेला हात लावून बघितलं आणि पहिल्यांदा हसले. मी टॉवेल खिळ्यावरून काढला, धुतला, आणि भीतीने परत तिथेच टांगला.

दुसऱ्या खेपेला यांना रजा मिळाली नाही. दवाखान्यातले चार दिवस वॉर्डबॉयने निभावले. घरी आल्यावर मात्र मोजायला मीच.

आता हे कसं सांगावं? सांगायला आजही लाज वाटते, पण त्या लाजेनेच सगळा घात केला, म्हणून सांगते. मी भांडं मोरीत ठेवायची आणि पुढच्या खोलीत येऊन कपाटाकडे तोंड करून उभी राहायची. मामा भिंतीला धरत मोरीत जायचे, कडी घालायचे. बाहेर आले की माझ्याकडे न बघता म्हणायचे, "पट्टीपरमानं." मी लिहायची. पुढच्या वेळी, "पट्टीच्या वर दोन बोटं." मी लिहायची. ते कॉटवर टेकले की मग मी आत जायची आणि भांडं विसळून ठेवायची.

पाणी ते किती पीत होते? तोटीच्या कपात मी पाणी ठेवायची, कप रिकामा व्हायचा. कॉटखालची शेणाने सारवल्यासारखी ओली फरशी मला नंतर दिसली. गिळताना गालात विंचू चावल्यासारखं व्हायचं, घोटभर गेलं की उलटी. शिवाय त्यांची जन्माची सवय. परांचीवर चढलेला गवंडी दिवसभर पाणी पीत नाही. प्यायला तर उतरावं लागतं, आणि खाली बायका माल कालवत असतात, आडोसा कुठला. हे मला यांनी फार पुढे सांगितलं. उभ्या आयुष्यात त्या माणसाने तहान दाबून धरायचं शिकून ठेवलं होतं, आणि आता आम्ही त्याला म्हणत होतो, प्या, आणि सुनेला मोजून दाखवा.

नळीचं भय वेगळंच. सिस्टर म्हणजे माझ्याच वयाची पोरगी. तिने नळी घालायची म्हणजे काय, ते मामांना बरोबर कळलं होतं.

सहाव्या दिवशी त्यांचे डोळे सुजल्यासारखे दिसले. मी यांना बोलले. हे म्हणाले, झोप नाही म्हणून असेल. आठव्या दिवसापासून उचकी लागायला लागली. मी कागद काढून बघितला: पट्टीप्रमाणे, पट्टीच्या वर, पट्टीप्रमाणे. कागद सांगत होता सगळं झकास आहे. माणूस चिडून बसतो ना, तशी मी त्या कागदावर चिडले आणि तरीही त्याच्यावरच भरवसा ठेवला. गाठ आणखी उतरली होती. आता हरभऱ्याएवढीच हाताला लागत होती. औषध लागू पडत होतं. एवढं लागू पडणारं औषध हातचं जाऊ नये, याच एका विचाराने मी दिवस ढकलत होते.

तिसरी खेप आली. गुरुवार होता, सकाळची वेळ. रक्त तपासलं, डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि कपाळाला आठी घातली.

"किडनीचं थोडं वाढलंय. लघवी कशी आहे?"

मी कागद पुढे केला. त्यांनी वरून खाली बोट फिरवलं. "लघवी तर उत्तम. मग हे उलट्यांमुळे असेल. कुणी मोजलंय?"

"मी," मी म्हटलं.

"छान लिहिलंय. सलाईन लावू, दोन बाटल्या जाऊ द्या, मग औषध देऊ." आणि ते बाहेरच्या पेशंटांकडे गेले.

हे ड्यूटीवर होते. मामा कॉटवर, मी स्टुलावर. पहिली बाटली लागली. मला आठवतंय, त्या वॉर्डाच्या खिडकीतून रिक्षा स्टँड दिसत होता आणि एक रिक्षावाला आरामात टायर धूत होता. बादलीभर पाणी त्याने टायरवर ओतलं, मग दुसरी बादली. मी थेंब मोजत होते. एक बाटली संपायला दीड तास. म्हणजे माझ्याकडे तीन तास होते. तीन तासांनी काळ्या कागदातली बाटली येणार. कागद खरा असेल तर ती गाठ संपवणार, आणि खोटा असेल तर या माणसाला. आणि मी "मी" म्हणून बसले होते.

सांगितलं तर काय होईल? औषध बंद. गाठ परत लिंबाएवढी, मग संत्र्याएवढी, मग टॉवेल. शिवाय भर वॉर्डात मामांना खोटं पाडायचं. ज्या माणसाने ओळंब्यावर जन्म काढला त्याला सुनेने खोटं ठरवायचं, तेही लघवीवरून. नाही सांगितलं तर? पहिली बाटली संपली, सिस्टरने दुसरी लावली. मी भांडं पुढे केलं. मामा म्हणाले, "आत्ता न्हाई." दीड तासाने पुन्हा केलं. "आत्ता न्हाई, म्हटलं न्हवं." आवाज जड, जीभ ओढल्यासारखी. दोन बाटल्या पाणी अंगात गेलं होतं आणि माणूस म्हणत होता आत्ता नाही.

सिस्टर काळ्या कागदातली बाटली घेऊन आली. स्टँडला अडकवली. सलाईनची नळी काढून त्यात खोचायला तिने हात वर केला.

"थांबा," मी म्हटलं.

माझा आवाज इतका मोठा निघाला की पलीकडच्या कॉटवरचा पेशंट उठून बसला.

"तो कागद खरा नाही. मी मोजलेलं नाही. मामांनी सांगितलं ते मी लिहिलं."

मामांनी डोळे मिटून घेतले. तोंड भिंतीकडे केलं. सिस्टरने बाटली तशीच काढली आणि डॉक्टरांकडे पळाली. डॉक्टर आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कागद घेतला, घडी घातली आणि म्हणाले, "ताई, या आकड्यांवर मी त्यांना ते देणार होतो."

मग पडदे ओढले गेले आणि ज्या नळीसाठी मामांनी एवढा खटाटोप केला ती घातलीच गेली. पिशवीत तळाशी चहाच्या कपभर आलं, तेही गढूळ.

किडनी पुरती बसली नव्हती, एवढंच नशीब. दहा दिवस दवाखान्यात ठेवलं. त्या दहा दिवसांत मामा माझ्याशी शब्दही बोलले नाहीत, आणि गंमत म्हणजे ते आधीही बोलत नव्हते, पण हे मुकं बसणं वेगळं आहे हे मला कळत होतं. डॉक्टरांनी सांगितलं, जोराचं औषध आता कधीच देता येणार नाही. आठवड्याचं इंजेक्शनही किडनीतूनच बाहेर पडतं, तेव्हा तेही लगेच नाही. किडनी सावरली तर अर्ध्या मात्रेने बघू. मी बोटांवर मोजलं. तीन रस्ते होते. एक बंद झाला, दुसरा अर्धा.

हे आले तेव्हा मामाच बोलले. "चूक माजी हाय. पोरीला बोलू नगंस. मी तिला खोटं सांगितलं." हे बापावर खूप चिडले, मग बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. मला मात्र म्हणाले, तू बोललीस म्हणून वाचले. सगळे तेच म्हणाले. सिस्टरसुद्धा. मी ऐकून घेतलं.

किडनी काहीशी सावरली. अर्ध्या मात्रेची इंजेक्शनं सहा-सात आठवडे दिली. दर गुरुवारी रिक्षाने मीच न्यायची. मामांना नको होतं तेच झालं, दर आठवड्याला त्रास पोरीला. गाठ थोडे दिवस थांबली, मग वाढू लागली. आता मोजणं माझ्याकडे होतं. मी भांडं धरायची, तोंड फिरवायची, पण भांडं सोडायची नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच भांडं उजेडात डोळ्यासमोर धरलं, गवंडी पाणसळ बघतो तसं, आणि म्हणाले, "पट्टीच्या खाली एक बोट. खरं लिव्ह." मी खरं लिहिलं.

इंजेक्शनं बंद झाली त्यानंतरची एक दुपार. गाठ परत पहिल्याएवढी झाली होती, कातडी पुन्हा चकाकत होती. टॉवेल खिळ्यावर होताच. मी कॉटखालची फरशी पुसत होते. मामा कुशीवर होते, माझ्याकडे बघत. असं ते कधी बघायचे नाहीत. शब्द आता फार अस्पष्ट यायचे, पण मला कळायला लागले होते.

"पोरी," ते म्हणाले, "तू भांडं विसळायला न्यायचीस तवा ते कोरडं असायचं."

माझा हात थांबला. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, यांना नाही. दुसऱ्या दिवसापासून भांडं कोरडं होतं; थोडीफार व्हायची ती ते परस्पर मोरीतच करत असणार. मोरीत नेऊन त्यात पाणी ओतून ओलं करून ठेवण्याएवढंही त्या माणसाला खोटं धड निभावता येत नव्हतं. मी ते कोरडं भांडं रोज हातात घेतलं होतं, विसळलं होतं, आणि बाहेर येऊन कागदावर पट्टीप्रमाणे लिहिलं होतं.

"व्हय, मामा," मी म्हटलं. त्यांच्याच बोलीत, कसं आलं कोण जाणे.

"तुला दिसत हुतं."

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

मी फडकं पिळलं. बादलीत पाणी पडलं. खोटं सांगायला आता काही उरलं नव्हतं.

"लाज वाटली."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. मग त्यांचा हात कॉटवरून खाली आला आणि माझ्या डोक्यावरच्या पदराला नुसता लागला.

"मला बी," ते म्हणाले. आणि मग पहिल्यांदाच, माझ्या नावाने हाक मारून, त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं.